निळ्या कोपऱ्यातला गुलाल

आयुष्यात मी बॉक्सिंगची एकच लढत खेळलो आणि ती किती वेळ चालली हे मला दुसऱ्यांकडून कळलं. कॉलेजात होतो. घंटा वाजलेली आठवते, समोरचा पोरगा हसलेला आठवतो, त्यानंतर डोळे उघडले तेव्हा एक जण माझ्या तोंडावर पाणी मारत होता आणि दुसरा माझ्या चपला शोधत होता. त्याच संध्याकाळी मी ठरवलं की या खेळात आपली जागा दोरांच्या बाहेर आहे. पुढची तीस-पस्तीस वर्षं मी सांगलीतल्या एका शाळेत पीटी शिकवली आणि सुट्टीच्या दिवशी सातारा-सांगली भागात बॉक्सिंगचा पंच म्हणून खुर्चीवर बसलो. ज्याला ठोसा चुकवता आला नाही, तो इतरांचे ठोसे मोजत बसला. आमची ही म्हणते, "स्वतःला पोहता येत नाही आणि काठावरून ओरडतात, हात मार, हात मार!"

आमचा भाग कुस्तीचा. इथं बॉक्सिंग म्हणजे सावत्र पोर. सुरुवातीला जत्रेत कुस्त्यांच्या आधी, लोक जमेपर्यंत, आम्हाला अर्धा तास मिळायचा. एकदा निकाल दिल्यावर एक म्हातारबाबा काठी टेकत थेट माझ्या टेबलापाशी आले.

"मास्तर, त्याची पाठ कवा टेकली?"

"बाबा, यात पाठ टेकावी लागत नाही. गुणांवर निकाल असतो."

"पाठ टेकली न्हाई, मग हारला कसा? उगं कागदावर हारवताय व्हय गरीबाच्या पोराला?"

मी त्यांना गुण समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना शेजारच्याला सांगितलं, "मास्तर चांगला हाय, पर कुणीतरी त्याला फशिवलंय."

तर ते गुण मी तुम्हालाही सांगून ठेवतो, पुढं लागणार आहेत. लढत तीन फेऱ्यांची. एक खेळाडू लाल कोपऱ्यात, एक निळ्या. हातमोजे, बनियन, डोक्यावरचं संरक्षक टोपडं, सगळं त्या-त्या रंगाचं. रिंगभोवती पाच पंच पाच जागी बसतात. प्रत्येक फेरी संपली की ज्यानं ती जिंकली त्याला दहा आणि दुसऱ्याला बहुधा नऊ, असं चिठ्ठीवर लिहून द्यायचं. शेजारच्याशी बोलायचं नाही. आम्ही नव्या पंचांना पहिल्या दिवशी एकच मंत्र देतो: पंचाला नावं दिसत नाहीत, गावं दिसत नाहीत, फक्त रंग दिसतो. हा मंत्र मी इतक्या लोकांना इतक्या ऐटीत दिला आहे की आता आठवलं तरी कान गरम होतात.

आमच्या दोन जिल्ह्यांच्या मंडळातर्फे दरवर्षी 'वर्षातला सर्वोत्तम मुष्टियोद्धा' निवडतात. बक्षीस काय, तर गदा. बॉक्सरनं गदेचं काय करायचं हे कुणीही विचारत नाही. मंडळाचे अध्यक्ष नाना जुने पैलवान. त्यांच्या मते शौर्याला दुसरं माप नाही. निवड समितीत आम्ही पाच जण. बैठक सांगलीच्या पेठेत, नानांच्या मेव्हण्याच्या हळदीच्या दुकानावरच्या खोलीत. खाली पोती हलली की वर आम्ही शिंकतो, त्यामुळे आमच्या कुठल्याही ठरावाला कोण हो म्हणालं आणि कोण शिंकलं यावर नंतर वाद होतो.

परवाच्या साली वाद दोन मुलींवरून पेटला. एक उंब्रजची सानिका. घरचा ऊस, चुलते सैन्यातून हवालदार होऊन परतलेले, त्यांनीच गोठ्यामागं वाळूचं पोतं टांगून तिला शिकवलेलं. दुसरी माधवनगरची रुबीना. वडील यंत्रमागाचे फिटर. मुजावर सर तिचे प्रशिक्षक, आणि तेच आमच्या समितीतही. यात काही गैर आहे असं आमच्याकडे कुणाला वाटत नाही. प्रशिक्षक समितीत नसेल तर भांडणार कोण?

त्या वर्षी या दोघी एकदाच समोरासमोर आल्या होत्या, सांगलीतल्याच एका हॉलमध्ये. रुबीना लाल, सानिका निळी. लढत रुबीनानं तीन-दोन अशी जिंकली. तीन पंचांनी तिला दिली, दोघांनी सानिकाला. त्या तिघांमध्ये मी होतो.

नाना म्हणाले, "गदा सानिकाला द्यायची. त्या लढतीनंतर ती पोरगी काय खेळतीया बघितलं का? वाघीण! मागं सरायचं नाव न्हाई. कराडला भिवई फुटली, रगत गळतंय, तरी मुंडी खाली घालून आत शिरतीया. ह्याला म्हणायचं भिडणं."

मुजावर सर म्हणाले, "नाना, ती कराडलाबी हरली आन् त्याच्या फुडची लढतबी हरली. रुबीनानं हिला हरवलंय, सगळं वरीस एकबी हार न्हाई. मार खाल्ल्याबद्दल गदा द्यायची आसंल तर मग आमच्या सरांनाच द्या की, त्या कॉलेजातल्या लढतीबद्दल."

सगळे हसले. मीही हसलो. पद्धत आहे.

मतं पडली दोन-दोन. पाचवं माझं. मी ज्येष्ठ पंच, तोलून मापून बोलणारा अशी ख्याती, म्हणून मी घसा खाकरला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी रुबीनाच्या बाजूनं बोलणार होतो, छोटंसं भाषणही मनात तयार होतं. तेवढ्यात नाना म्हणाले, "थांबा. सानिकाच्या काकूनं त्या लढतीची शेवटची फेरी मोबाईलवर घेतलीया. ती बघा आन् मग बोला."

इथं मला त्या लढतीतला गुलाल सांगितला पाहिजे.

दुसऱ्या फेरीच्या शेवटी सानिकाचा एक सरळ ठोसा रुबीनाला असा बसला की तिचा गुडघा टेकला. रेफरीनं आठपर्यंत आकडे मोजले, रुबीना उभी राहिली, घंटा झाली, फेरी संपली. बॉक्सिंगमध्ये एवढंच झालं. पण उंब्रजहून आलेल्या मंडळींच्या हिशेबानं समोरचा खाली गेला म्हणजे कुस्ती निकाली. सानिका आपल्या कोपऱ्यात येते न येते तोच तिच्या काकूंनी गुलालाची पिशवीच उपडी केली. पोरगी डोक्यापासून बुटांपर्यंत गुलालात. काकूंना आवरायला चुलते धावले, रेफरी ओरडला, आणि कुणा शहाण्यानं ओला टॉवेल आणून तिला पुसलं. ओल्या टॉवेलानं गुलाल पुसणं म्हणजे रंग कालवणं. निळं बनियन, निळे मोजे, निळं टोपडं, सगळं लालभडक झालं. मी त्याच कोपऱ्याखाली बसलो होतो. माझ्या चष्म्यावरही गुलाल आला. मी रुमालानं पुसला. रुमालावरही गुलाल होता.

तिसरी फेरी मी त्या चष्म्यातून बघितली. माझ्या चिठ्ठीत तोवर एक फेरी लालची, एक निळ्याची. म्हणजे माझं मत याच फेरीवर. मला दोन टोपडी दिसली. एक जास्त लाल, एक कमी लाल. जास्त लाल असलेली पोरगी हात वर धरून एकेक पाऊल पुढं सरकत होती, नेमके ठोसे लावत होती. कमी लाल असलेली मागं मागं जात होती. मी मंत्र पाळला. नाव बघितलं नाही, गाव बघितलं नाही. लालच्या रकान्यात दहा लिहिले.

नानांच्या मोबाईलवर तीच फेरी सुरू झाली. चित्र हलत होतं, पण आवाज खणखणीत. काकू ओरडत होत्या, "सानिका, फुडं व्हो! आसंच! आसंच फुडं!" आणि पडद्यावर पुढं कोण जात होतं, तर ती जास्त लाल पोरगी. ठोसा मारून तिनं हात मागं घेतला तेव्हा मोज्याची आतली बाजू दिसली. निळी. टॉवेल तिथवर पोचला नव्हता.

एक फेरी उलटी लिहिली, म्हणजे एक मत उलटं, म्हणजे तीन-दोन उलटं. एवढंच असतं तरी मी कदाचित पचवलं असतं. पंचही माणूस आहे वगैरे वाक्यं आमच्याकडे तयार असतात. पण मला दुसरंच आठवलं आणि ते जास्त वाईट होतं. निकालानंतर ती पोर पाणी पीत बाकावर बसली होती. मी मुद्दाम तिच्याकडे गेलो, गुरुजीपणानं खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "बाळ, तिसऱ्या फेरीत तू मागं मागं सरकलीस. तिथंच हरलीस. पुढं जायला शिक." तिनं माझ्याकडे जरा विचित्र बघितलं होतं. मग म्हणाली होती, "व्हय सर."

नाना जिला वाघीण म्हणत होते, तिची ती फुटलेली भिवई, ती खाली घातलेली मुंडी, ती सगळी माझ्या या सल्ल्याची करणी होती. आता मत द्यायचं कुणाला? रुबीनाला दिलं तर माझ्या चुकीला गदा. सानिकाला दिलं तर माझ्या सल्ल्याला गदा, आणि मग ती पोरगी जन्मभर तशीच मुंडी खाली घालून मार खाणार.

अशा वेळी धीरोदात्त माणूस उभा राहतो आणि सत्य सांगतो. मी म्हणालो, "माझं बीपी वाढल्यासारखं वाटतंय. पुढच्या आठवड्यात बसूया का?" आणि पुरावा म्हणून शिंकलो.

घरी हिला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "घरात मीठ कुठलं आणि साखर कुठली ते मला विचारता. तिथं कुणाला विचारायचं होतं तुम्ही?" मग जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "उद्या उंब्रजला जाऊन या. समितीला काय सांगायचं ते नंतर. आधी त्या पोरीला सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघालो. कराडपर्यंत भाषण तयार केलं, कराडच्या पुढं ते विसरलो. सानिका गोठ्यामागं पोत्यावर सराव करत होती. भिवईवर टाक्यांची खूण अजून लाल होती. काकूंनी खुर्ची आणून ठेवली, चहा टाकला. चुलते बांधावर गेले होते, ते माझं नशीब. हवालदारासमोर हे सांगायची माझी छाती नव्हती.

मी सांगितलं. चष्मा, रुमाल, टोपडं, सगळं. ती पोत्याला हात लावून उभी राहून ऐकत होती. पोतं हलायचं थांबल्यावर म्हणाली, "म्हंजी मी मागं सरले न्हवते?"

"नव्हतीस. ती तुझी सगळ्यात चांगली फेरी होती."

"सर, मला वाटत हुतं मी फुडंच चाललीया. पर तुमी म्हणाला मागं. मंग मी म्हटलं, आपलं फुडं जाणं पंचास्नी मागं आल्यावानी दिसत आसंल. म्हणून आजून फुडं. हात खाली सोडून फुडं." तिनं भिवईवरून बोट फिरवलं. "काका म्हणायचं, आगं हात वर धर. मी त्यास्नी म्हणायची, तुमास्नी काय कळतंय, सर म्हणल्यात."

मी माफी मागितली. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत विद्यार्थ्याची माफी मागायची वेळ आली नव्हती, म्हणजे वेळ आली असेल पण मी मागितली नव्हती, त्यामुळे ती नीट जमलीही नाही.

काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी कप खाली ठेवला आणि खालीच बसल्या. "म्हंजी माझ्याच गुलालानं माझी पोर हारली व्हय?" म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

"काकू, गुलाल तुमचा होता, डोळे माझे होते," मी म्हणालो. आयुष्यात माझ्या तोंडून वेळेवर निघालेलं हे एकच वाक्य.

सानिका म्हणाली, "सर, समितीला सांगा. आन् रुबीनालाबी सांगा. तिला दुसऱ्याकडनं कळाय नगं."

माधवनगरला जाताना मला जास्त भीती वाटत होती. हरलेल्याला सांगणं सोपं असतं, त्याला काहीतरी परत मिळतं. रुबीनाकडून मी काढून घ्यायला निघालो होतो. मुजावर सर तालमीत होते, त्यांच्यासमोरच सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. रुबीना हाताची पट्टी गुंडाळत होती, ती गुंडाळतच राहिली.

"सर, मला म्हाईत हुतं."

"काय माहीत होतं?"

"तिसऱ्या फेरीत मीच मार खाल्ला की! मला म्हाईत नसंल तर कुणाला? बरगड्या आठ दिवस दुखत हुत्या. निकाल ऐकला तवा मी रेफरीकडं बघत ऱ्हायले, म्हटलं चुकून माझा हात वर केला का काय." तिनं पट्टीला गाठ मारली. "पर तुमच्यासारखी मोठी मानसं बसल्याली. मी म्हटलं, त्यास्नी काय तरी दिसलं आसंल, जे मला दिसलं न्हाई."

मी तिथल्या बाकावर बसलो. जिनं ठोसे मारले तिला निकाल माहीत होता. जिनं खाल्ले तिलाही माहीत होता. दोघींनी आपल्या अंगापेक्षा माझ्या चष्म्यावर जास्त विश्वास ठेवला. इतक्या वर्षांत मला मिळालेला हा सगळ्यात मोठा मान, आणि तो असा गुलालात गेला. पंचाचं काम सोडायचं मी तिथंच ठरवलं, आणि मला वाईट वाटलं, ते लपवत नाही.

समितीत मी लेखी दिलं. नानांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "सर, निकाल फिरवाय येत न्हाई. तक्रारीची मुदत कवाच गेली. पर गदाबी आता कुणाला देऊ? हिला दिली तर ती रुसंल, तिला दिली तर ही."

"कोणी रुसणार नाही," मी म्हणालो. "मी विचारून आलोय, दोघींचं एकच म्हणणं आहे. पुन्हा लढवा."

मुजावर सरांनी खळखळ केली. नानांनी मात्र मांडीवर थाप मारली. कुस्ती बरोबरीत सुटली की पुन्हा जोड लावतात, हे त्यांना मनापासून पटलं. खालून हळदीचं पोतं हललं, पाचही जण शिंकले, ठराव एकमतानं मंजूर झाला.

लढत उंब्रजच्या शाळेच्या पटांगणात ठरली. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा सानिकाला लाल कोपरा आला आणि रुबीनाला निळा. पंच पाचही बाहेरचे बोलावले. मी प्रेक्षकांत जाऊन बसणार होतो, पण काकूंनी वाटेतच गाठलं आणि माझ्या हातात एक जड पिशवी दिली.

"आवं सर, ही तुमी धरा. माझ्या हातात ऱ्हायली तर मला दम निघायचा न्हाई. निकाल कानांनी ऐकूस्तोवर सोडायची न्हाई, काय?"

अशा रीतीनं मुष्टियुद्धातल्या माझ्या प्रदीर्घ सेवेचा शेवट गुलालाची पिशवी धरण्यात झाला. मी ती मांडीवर घट्ट धरून बसलो. शेजारी नाना बसले, ते दर दोन मिनिटांनी पिशवीकडे बघून खात्री करून घ्यायचे.

सानिका परत आपल्यासारखी खेळली. हात वर, एकेक पाऊल पुढं. नाना एकदा "मुंडी घाल, आत शिर!" म्हणून ओरडले, तेव्हा मी त्यांच्या मांडीला चिमटा घेतला. रुबीनाही या वेळी मागं पळत नव्हती. बाजूला सरायची, ठोसा मारायची, पुन्हा सरायची. पहिली फेरी सानिकाची, दुसरी रुबीनाची. तिसरी मी अशी बघितली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात मला कळलं की रुबीना पुढं गेली आहे. मी कुणाला काही बोललो नाही. मला कुणी विचारलंही नाही.

निकाल निळ्याचा, रुबीनाचा लागला. नानांनी गदा दिली. तिला ती उचलेना, तेव्हा सानिकानं दुसरं टोक धरलं. फोटोत तशीच आहे.

मग सानिका दोराखालून वाकून माझ्याकडे आली. घामानं भिजलेली, भिवईवर ओरखडासुद्धा नाही. मी उठून उभा राहिलो, पिशवी तशीच छातीशी धरलेली.

"सर," ती हसत म्हणाली, "ह्या येळंला खरी हारले."

मला हसू आलं. मागून काकूंनी डोळे पुसत माझ्या पाठीवर थाप मारली. "आता काय बघत बसलाय? भरली पिशवी घरला न्हेऊ काय? टाका त्या जितल्याल्या पोरीवर!"

रुबीना दोरापाशी गदा सांभाळत उभी होती. मी पिशवी उघडली, मूठ भरली. मग मूठ तशीच ठेवून दुसऱ्या हातानं चष्मा काढला, सदऱ्याच्या आतल्या, स्वच्छ बाजूनं पुसला, पुन्हा घातला आणि नीट बघितलं.

निळीच होती.